शुद्धलेखन परत आलं: इंग्लंडच्या शाळांमधली फ्रेंचची परीक्षा कशी बदलत गेली

माझी लेक इथे इंग्लंडमध्ये इयर इलेव्हनला आहे, म्हणजे आपल्याकडची दहावी-अकरावी समजा, आणि या उन्हाळ्यात तिची जीसीएसई, म्हणजे इथली सोळाव्या वर्षीची बोर्डाची परीक्षा. मागच्या महिन्यात ती फ्रेंचचं एक पान घेऊन आली आणि म्हणाली, आई ही पाच वाक्यं वाचून दाखव ना, प्रत्येक वाक्य तीनदा, आधी सलग, मग तुकडे तुकडे करून, मग परत सलग, मी ऐकून लिहिते. मी म्हटलं अगं हे तर शुद्धलेखन! आमच्या बाई वर्गात फिरत फिरत वाचायच्या आणि आम्ही मान खाली घालून पाटीवर लिहायचो, तेच. तिला शुद्धलेखन हा शब्द माहीत नव्हता, तो समजावून सांगितला, आणि मग विचारलं की हे परीक्षेत आहे? तर हो, आहे, यंदा पहिल्यांदाच.

आता गंमत अशी की आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहतात, त्यांनी १९७० च्या आसपास फ्रेंचची परीक्षा दिली होती, त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या यात नवीन काय, आमच्या पेपरात डिक्टेशन असायचंच. आणि माझ्या ऑफिसातली मैत्रीण, जिने १९९५ ला परीक्षा दिली, तिने फ्रेंच शिकताना हा प्रकार कधी बघितलेलाच नाही. म्हणजे आजीच्या पिढीला माहीत, नातीच्या पिढीला माहीत, मधल्यांना नाही. मला हे डोक्यातून जाईना. मग मी वाचत बसले, जुने पेपर बघितले, आणि जे समजलं ते इथे लिहितेय, कारण इथल्या मराठी आईवडिलांना मुलांचं फ्रेंच-स्पॅनिश म्हणजे नक्की काय चाललंय हे कळत नाही असं मला बऱ्याचदा दिसतं, आणि भारतात ज्यांची मुलं शाळेत जर्मन, फ्रेंच घेतात त्यांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. भाषेची परीक्षा काढायची तर पेपर काढणाऱ्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं, की भाषा येते म्हणजे नक्की काय येतं? पुस्तक वाचता येतं? चूक न करता लिहिता येतं? स्टेशनवर तिकीट काढता येतं? गप्पा मारता येतात? गणितात हा प्रश्न एवढा छळत नाही. आणि लगेच दुसरा प्रश्न, की जे काही येतं ते मोजायचं कसं, म्हणजे पेपर ब्रिस्टलच्या परीक्षकाने तपासला काय नि लीड्सच्या परीक्षकाने तपासला काय, मार्क तेवढेच पडायला हवेत. अडचण ही आहे की जे मोजायला सोपं (क्रियापदाची रूपं, स्पेलिंग) ते फार महत्त्वाचं नसतं आणि जे महत्त्वाचं (समोरच्याशी बोलता येणं) ते मोजायला महाकठीण असतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षं या दोन प्रश्नांची ओढाताण चालू आहे, कधी एकीकडे कधी दुसरीकडे.

सुरुवात लॅटिनच्या सावलीत झाली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांनी १८५८ पासून बाहेरच्या शाळांमधल्या मुलांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली. त्या काळात खरी विद्या म्हणजे लॅटिन आणि ग्रीक, फ्रेंच-जर्मन वगैरे बोलायच्या भाषा म्हणजे जरा कमी दर्जाच्या, आणि त्यांना मान मिळवून द्यायचा तर त्यांचीही परीक्षा लॅटिनसारखीच अवघड दिसायला हवी. म्हणून मग रूपं पाठ करा, नियम लिहा, उताऱ्याचं भाषांतर करा. आपल्याला हे कळायला काहीच अवघड नाही, शाळेतलं संस्कृत आठवा. देवः देवौ देवाः घडाघडा येतं, धातू चालवता येतात, भाषांतर येतं, शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळतात, आणि कुणी संस्कृतात 'पाणी देता का' विचारलं तर आपण बघत राहतो. आपल्या पणजोबांच्या पिढीने इंग्रजीसुद्धा भाषांतराच्या पाठांमधूनच शिकलं, आणि त्यांचं लेखी इंग्रजी फार छान असायचं. म्हणजे ही पद्धत टाकाऊ होती असं मी म्हणणार नाही, ती वाचायला आणि विचार करायला शिकवायची, बोलायला नाही.

असं नाही की तेव्हा कुणी बोललं नाही. १८८२ मध्येच विल्हेल्म फिएटोर नावाच्या जर्मन अभ्यासकाने एक पुस्तिका काढून सांगितलं की भाषा शिकवणं मुळापासून उलटं फिरवलं पाहिजे, आधी बोली आणि उच्चार, मग लिखाण. शिक्षकांना ते पटलंही, पण परीक्षा हलली नाही, आणि परीक्षा हलत नाही तोवर वर्ग हलत नाही. हे वाक्य मी पुढेही परत परत म्हणणार आहे कारण या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे.

१९१८ च्या सुमारास स्कूल सर्टिफिकेट नावाची परीक्षा आली, त्यात विषयांचे गट होते आणि भाषांच्या गटातला एक तरी विषय पास व्हावाच लागायचा, नाहीतर अख्खं सर्टिफिकेट गेलं. १९५१ ला ती जाऊन ओ लेव्हल आली, प्रत्येक विषय सुटा. आमच्या शेजारच्या बाईंनी दिली ती हीच. त्यांचा पेपर म्हणजे फ्रेंच उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर, इंग्रजी उताऱ्याचं फ्रेंच भाषांतर, एक निबंध (बऱ्याचदा चित्रांची मालिका देऊन त्यावर गोष्ट लिहा), डिक्टेशन, आणि शेवटी थोडीशी तोंडी. यातलं इंग्रजीतून फ्रेंच हे सगळ्यात भयंकर, कारण तिथे मार्क मिळवायचे नसायचे, मार्क वाचवायचे असायचे, प्रत्येक चुकीला कात्री. बाई सांगतात की त्या वाक्य लिहायच्या आधी ते तोडून लहान करायच्या, म्हणजे चुकायला जागा कमी. विचार करा, पंधरा-सोळा वर्षांची पोरगी परकी भाषा शिकतेय आणि तिचं सगळं डोकं कमी कसं बोलावं यात गुंतलंय.

पण एक फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही परीक्षा सगळ्यांसाठी नव्हतीच. ग्रामर स्कूलमध्ये निवडून गेलेली मुलं, साधारण चार-पाचातलं एक, मुख्यतः ती ओ लेव्हल द्यायची. बाकीच्यांचं काय, तर १९६५ पासून त्यांच्यासाठी सीएसई नावाची वेगळी परीक्षा निघाली, तिची पहिली ग्रेड ओ लेव्हलच्या पासइतकी धरायचे, पण लोकांच्या मनात ती कायम दुय्यमच राहिली. त्याच दशकात टेपरेकॉर्डर शाळेत आले, लँग्वेज लॅब आल्या, हेडफोन लावून वाक्यं परत परत म्हणायची, आणि १९६४ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवायचा एक मोठा सरकारी प्रयोग सुरू झाला. १९७४ ला त्याचा अहवाल आला की लवकर सुरू करून म्हणावा तसा फायदा दिसत नाही, आणि प्राथमिक शाळेतलं फ्रेंच बऱ्याच ठिकाणी गुंडाळलं गेलं.

मग खरी उलथापालथ. सत्तरच्या दशकात युरोपात एक वेगळाच विचार जोर धरत होता. काउन्सिल ऑफ युरोप या युरोपातल्या देशांच्या संघटनेने १९७५ मध्ये एक दस्तऐवज काढला, त्याचं म्हणणं असं की भाषेची यादी व्याकरणाच्या धड्यांनी करूच नका, माणसाला भाषेने काय काय करायचं असतं त्याची यादी करा. रस्ता विचारणं, नकार देणं, माफी मागणं, वेळ ठरवणं. हे ऐकायला साधं वाटतं पण यात सगळंच उलटं होतं. आधी विचारायचे भूतकाळ येतो का, आता विचारायचे काल काय केलं ते सांगता येतं का. चुकीचं रूप वापरलं पण समोरच्याला कळलं? मग मार्क आहेत.

१९८६ ला शिकवायला सुरुवात आणि १९८८ ला पहिली परीक्षा, अशी जीसीएसई आली, ओ लेव्हल आणि सीएसई दोन्ही मोडून सगळ्यांना एकच. भाषेचे चार भाग झाले, ऐकणं बोलणं वाचणं लिहिणं, चौघांचे वेगळे मार्क. डिक्टेशन गेलं. इंग्रजी उताऱ्याचं फ्रेंच करणं गेलं. वाचायला काय, तर हॉटेलचं मेनूकार्ड, दुकानाच्या पाट्या, हवामानाचा अंदाज, ऐकायला कॅसेटवर रेल्वे स्टेशनची घोषणा, आणि तोंडी परीक्षेत नाटुकलं, म्हणजे तू गिऱ्हाईक, बाई दुकानदार, अर्धा किलो सफरचंदं माग आणि किती झाले विचार. माझ्या त्या मैत्रिणीने दिलेली परीक्षा ही. मला यातली माणुसकी फार आवडते, म्हणजे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं की ज्या मुलाला व्याकरणाची रूपं येत नाहीत पण जो पॅरिसमध्ये स्वतःचं जेवण मागवू शकतो त्याला काहीतरी येतं, त्याचे मार्क त्याला द्या. ज्या मुलांना आधीच्या पद्धतीने शून्य दिला असता त्यांना ही परीक्षा पहिल्यांदा हो म्हणाली.

पण प्रत्येक परीक्षेत एक पळवाट असते आणि शाळा ती वर्षभरात शोधतात. ऐकण्याच्या पेपरातले प्रश्न इंग्रजीत असायचे, मग अख्खं वाक्य कळायची गरज नाही, 'गार' म्हणजे स्टेशन एवढा एक शब्द पकडला की झालं. मग नव्वदच्या दशकात ठरलं की प्रश्नही त्याच भाषेत विचारा, म्हणजे फ्रेंचचा पेपर पूर्ण फ्रेंचमध्ये. ऐकायला किती बरोबर वाटतं ना. आता हे बघा:

गबूळ काल सकाळी टिंबरात गेला आणि त्याने तीन लोंबे आणले.

प्रश्न पहिला, गबूळ कुठे गेला? टिंबरात. प्रश्न दुसरा, त्याने काय आणलं? तीन लोंबे. पूर्ण मार्क! गबूळ कोण, टिंबर काय, लोंबे खायचे की ल्यायचे, काहीही माहीत नसताना. प्रश्न आणि उतारा एकाच भाषेत असले की नुसता आकार जुळवून उत्तर निघतं, आणि उलट कधीकधी मुलाला उतारा कळलेला असायचा पण प्रश्नच कळायचा नाही, मग येत असून मार्क गेले. हा घोळ बरीच वर्षं चालला, पुढे हळूहळू इंग्रजी प्रश्न परत आले, आणि या वर्षीच्या नव्या परीक्षेत प्रश्न इंग्रजीतच आहेत. मधे काही वर्षं परीक्षेत डिक्शनरीसुद्धा चालायची, तीही पुढे काढून टाकली.

आता माझ्या मते सगळ्यात वाईट टप्पा. २००९ पासून शिकवायला घेतलेल्या अभ्यासक्रमात बोलणं आणि लिहिणं यांचे मिळून ६० टक्के मार्क झाले, प्रत्येकी ३०, आणि ऐकणं वाचणं उरलेल्या ४० मध्ये. कागदावर फार छान, बोलण्याला मान मिळाला. पण हे ६० टक्के शेवटच्या परीक्षेत नव्हते, शाळेतच, वर्षभरात, आधी विषय माहीत असलेलं काम म्हणून व्हायचे, कंट्रोल्ड असेसमेंट म्हणायचे त्याला. विषय 'माझी सुट्टी' आहे हे माहीत, तयारीला वेळ आहे, सोबत मोजक्या शब्दांची चिठ्ठी चालते. मग काय होणार? आपल्याकडे गाईडमधला 'माझा आवडता ऋतू' पाठ करून परीक्षेत उतरवतात तेच झालं. अख्खी पानं पाठ. मुलं तोंडी परीक्षेत सुंदर, वळणदार, तीन काळ वापरलेली वाक्यं म्हणायची आणि मधेच बाईंनी वेगळं काही विचारलं की गप्प. माझ्या ओळखीतल्या एकाने त्या काळात ए-स्टार, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड, मिळवला, त्याला आजही त्या सुट्टीबद्दलचा परिच्छेद येतो, बाकी काही येत नाही, आणि तो मुलगा आळशी नव्हता, त्याच्याकडे जे मागितलं ते त्याने मनापासून केलं होतं, म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

इथे थोडं थांबून एक सांगते. मी स्वतः पुण्यात अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं, कारण तेच, मराठीपेक्षा स्कोअरिंग. आमचा सगळा भर लेखीवर, नोट्स ठरलेल्या, उत्तरं ठरलेली. नव्वदच्या वर मार्क होते. आणि इथे आल्यावर पहिल्यांदा युरोस्टारने पॅरिसला गेलो तेव्हा मला जाणवलं की मला त्या भाषेत एकही प्रश्न विचारता येत नाही, उत्तरंच येतात. दोष शिकवणाऱ्यांचा नव्हता, त्या आम्हाला मार्क मिळवून द्यायला बांधलेल्या होत्या. परीक्षा जे विचारते तेच वर्गात शिकवलं जातं, जगात कुठेही जा.

परत इंग्लंडकडे. या सगळ्या काळात आणखी एक गोष्ट घडली जी परीक्षेच्या बाहेरची आहे पण परीक्षेइतकीच मोठी. नव्वदच्या दशकात सोळा वर्षांपर्यंत परकी भाषा सक्तीची केली होती, आणि २००४ मध्ये चौदाव्या वर्षानंतर ती ऐच्छिक केली. परिणाम एकदम. २००० च्या सुरुवातीला साधारण तीन चतुर्थांश मुलं जीसीएसईला एखादी भाषा घ्यायची, २०११ पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आलं. जर्मनचे वर्ग बंद झाले, फ्रेंच आटलं, स्पॅनिश मात्र वाढत गेलं, २०१९ ला ए लेव्हलमध्ये (अठराव्या वर्षीची परीक्षा) आणि २०२५ ला जीसीएसईमध्येही स्पॅनिशने फ्रेंचला मागे टाकलं. मुलं सोडून का जातात याचं एक कारण असं की भाषेत ग्रेड कमी पडते. त्याच मुलाला इतिहासात जी ग्रेड मिळते त्यापेक्षा फ्रेंचमध्ये कमी, हे शिक्षक कित्येक वर्षं ओरडून सांगत होते आणि शेवटी २०१९ मध्ये परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वालने मान्य केलं की फ्रेंच आणि जर्मनची ग्रेड जरा कडक आहे, ती स्पॅनिशच्या बरोबरीला आणू. कॉलेजला जायचं असेल तर कोण मुद्दाम जिथे ग्रेड कमी मिळते तो विषय घेईल, मराठी घरात तर प्रश्नच नाही.

२०१६ पासून शिकवलेल्या आणि २०१८ ला पहिल्यांदा झालेल्या परीक्षेत पाठांतराला आळा घातला. सगळं शेवटी, चारही कौशल्यांना २५-२५ टक्के, ग्रेड ए बी सी ऐवजी ९ ते १, आणि भाषांतर दोन्ही बाजूंनी परत! थोडंसं साहित्यही आलं, कथेचा तुकडा वगैरे. तोंडी परीक्षेच्या कार्डावर एक उद्गारचिन्ह छापलेलं असायचं, त्याचा अर्थ इथे तुला असा प्रश्न येईल जो तू तयार केलेला नाहीस. मला ते छोटंसं चिन्ह फार प्रामाणिक वाटतं.

पण शिक्षकांची तक्रार राहिलीच, की पेपर अवघड, विषय अनंत, आणि शब्द कुठले येतील काही सांगता येत नाही. इथून नव्या परीक्षेची गोष्ट सुरू होते. २०१६ मध्येच इयन बॉकम यांच्या अध्यक्षतेखाली शाळांमधल्या भाषा शिकवण्यावर एक अहवाल आला, त्याचा सूर असा की मुलांना तीन गोष्टी पद्धतशीर मिळत नाहीत, शब्द, व्याकरण, आणि आवाज-अक्षर यांचं नातं. शब्दांचं उदाहरण देते. समजा एखादा परदेशी माणूस मराठी शिकतोय आणि त्याला आपण विषयवार शब्द दिले, घर, पाळीव प्राणी, भाज्या, छंद. त्याला काकडी येईल, पोपट येईल, जलतरण तलाव येईल. पण त्याला 'मग', 'तरी', 'म्हणजे', 'बहुतेक', 'अजून', 'देणं', 'वाटणं' येणार नाही, आणि यांच्याशिवाय मराठीत दोन वाक्यंही जोडता येत नाहीत. इथल्या मुलांचं तेच झालं होतं, हॅमस्टर येतो आणि 'आधीच' येत नाही.

म्हणून नव्या परीक्षेत शब्दांची यादीच ठरवून दिली. सोप्या पातळीला १,२०० शब्द, वरच्या पातळीला १,७००, आणि त्यातले किमान ८५ टक्के हे त्या भाषेत सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या २,००० शब्दांमधले. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश या तीन भाषांना हे लागू, सप्टेंबर २०२४ पासून शिकवायला सुरुवात, आणि पहिली परीक्षा या २०२६ च्या उन्हाळ्यात, माझ्या लेकीची बॅच. हे सगळ्यांना आवडलं नाही बरं का. भाषा शिक्षकांच्या संघटनांनी, परीक्षा मंडळांनीसुद्धा हरकती घेतल्या, की भाषा म्हणजे शब्दांची यादी नव्हे, मुलांना स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलायला लागणारे शब्द वारंवारतेच्या यादीत येतीलच असं नाही. मला दोन्ही बाजू पटतात, पण घरी बसून अभ्यास घेणारी आई म्हणून सांगते, यादी हातात असणं हा फार मोठा दिलासा आहे, विशेषतः ज्या घरात कुणालाच फ्रेंच येत नाही आणि ट्यूशनला पैसे नाहीत त्या घरातल्या मुलाला.

आणि आता शुद्धलेखन. ते का परत आलं हे कळायला फ्रेंचचा स्वभाव कळायला हवा. मराठीत जे ऐकतो ते लिहितो, ऱ्हस्व-दीर्घ आणि श-ष सोडले तर फार फसवणूक नाही, म्हणून आपलं शुद्धलेखन म्हणजे वेलांट्या-उकारांची परीक्षा. फ्रेंचमध्ये निम्मी अक्षरं गप्प असतात. 'वेर' असा आवाज ऐकू आला तर तो हिरवा असू शकतो, काचेचा ग्लास असू शकतो, गांडूळ असू शकतं, '-च्या दिशेने' असू शकतं, कवितेची ओळ असू शकते, आणि लिहिताना हिरवा आणि ग्लास आणि गांडूळ सगळ्यांचं स्पेलिंग वेगळं. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' ही दोन्ही वाक्यं कानाला अगदी एकसारखी, 'इल पार्ल', पण दुसऱ्यात कर्त्याला एक एस लागतो आणि क्रियापदाच्या शेवटी ई-एन-टी येतं जे कुणी उच्चारत नाही. मग लिहिणाऱ्याला कसं कळणार? आजूबाजूच्या वाक्यावरून, म्हणजे अर्थ कळला असेल तरच. म्हणून हा एक छोटासा प्रश्न एकाच वेळी कान, व्याकरण आणि अर्थ तिन्ही तपासतो, आणि तपासायला सोपा, दोन परीक्षकांचे मार्क फार वेगळे पडत नाहीत. सुरुवातीला म्हटलं ना त्या दोन प्रश्नांची ओढाताण, इथे ते दोन्ही प्रश्न क्वचितच जमतात तसे जमलेत.

पण शेजारच्या बाईंचं डिक्टेशन आणि हे एकच नाही. त्यांना सलग उतारा असायचा आणि प्रत्येक चुकीला मार्क जायचा. आता छोटी छोटी वाक्यं असतात, शब्द बहुतेक यादीतले, फक्त एक-दोन मुद्दाम यादीबाहेरचे, कारण बघायचंय की कधी न ऐकलेला शब्दही आवाजावरून लिहिता येतो का. याचंच दुसरं टोक तोंडी परीक्षेत आहे, एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा, म्हणजे अक्षरावरून आवाज. प्रकट वाचनच! आमच्या शाळेत प्रकट वाचनाला उभं राहिलं की पाय लटपटायचे, आणि तरी मी म्हणेन की हा भाग मला नव्या परीक्षेत सगळ्यात आवडलाय, कारण याचं पाठांतर करून काही उपयोग नाही, परिच्छेद ऐनवेळी हातात पडतो, नियम कळलेला असावाच लागतो.

आपल्या लोकांना पडणारा एक प्रश्न, मराठीची जीसीएसई आहे का? नाही. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू आहेत. २०१५ मध्ये यातल्या बऱ्याच छोट्या भाषांच्या परीक्षा बंद करायचं मंडळांनी ठरवलं होतं, विद्यार्थी कमी आणि पेपर काढणारे मिळत नाहीत म्हणून, त्यावर इथल्या समाजांनी खूप आवाज उठवला आणि २०१६ मध्ये सरकार मधे पडून त्या वाचल्या. आपली संख्या इथे तेवढी नाही, आणि आपली मुलं रविवारच्या शाळेत मराठी शिकतात पण त्याचा कागद कुठे लागत नाही. मॉरिशसमध्ये मात्र मराठी हा शाळेतला परीक्षेचा विषय आहे, आणि केंब्रिजच्या ए लेव्हलच्या विषयांमध्ये मराठीचं नाव मी स्वतः बघितलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कोकणातून उसाच्या शेतांवर गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं मराठीचा पेपर देतात.

आमच्याकडे आता असं झालंय की शेजारच्या बाई आठवड्यातून दोन संध्याकाळी येतात. माझ्यापेक्षा त्यांचं फ्रेंच बरं आहे, उच्चार स्वच्छ आहे. त्या वाक्य तीनदा वाचतात, लेक लिहिते, आणि मीही समोर कागद घेऊन लिहिते. परवा 'ते बोलतात' आलं. बाई वाचून थांबल्या, लेकीने आधी 'तो' लिहिलं, मग पुढचा तुकडा ऐकला, मागे गेली आणि न ऐकू येणारा एस घातला, मग ई-एन-टी.